लोखंडी इंजिनाची बुलेट आणि कॅफे रेसर: चेसिस न कापता कुठवर जाता येते?

करवीर_ठोका

१९९४ सालची बुलेट ३५० स्टँडर्ड गेल्या दिवाळीत माझ्या दारात आली. साखर कारखान्याच्या शेतकी विभागात नोकरी केलेल्या एका गृहस्थांनी ती वीस-बावीस वर्षे उसाच्या फडांतून फिरवली आणि पुढे गुडघा किक मारू देईना, तेव्हा गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी करून ठेवली. इंजिन जाम झालेले नव्हते, टाकीच्या तळाला गंज होता, सीटच्या स्पंजात उंदरांचा संसार होता आणि कागदपत्रे मात्र एका पिशवीत नीट घडी घालून ठेवलेली होती. एकही बोल्ट सैल करण्याआधी मी गाडी आहे त्या रूपात चालती करून नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले. हा क्रम उलटा केला असता तर पुढचे काहीच लिहिण्यासारखे उरले नसते.

या गाडीची मला कॅफे रेसर करायची आहे. हँडल ठेंगणे, पायरेस्ट मागे, सीट सपाट आणि तिच्या टोकाला कुबड, आणि गाडीला पळण्यासाठी लागत नाही ते शक्यतो काढून टाकलेले, एवढाच माझ्या मनातला अर्थ आहे. स्वतःवर तीन अटी घातल्या आहेत. चेसिसला ग्राइंडर लावायचा नाही, नवीन बसवलेला प्रत्येक भाग पान्याने निघाला पाहिजे आणि तयार झालेल्या गाडीवरून कोल्हापूरहून आंबा घाटापर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येता आले पाहिजे. इंजिनासकट खर्चाची मर्यादा ६५,००० रुपये ठेवली आहे. ज्यांनी हे केले आहे त्यांनी कुठे चुकले ते सांगावे. यशाची छायाचित्रे मी पुष्कळ पाहिली आहेत.

मूळरूप_जपा

तुमचा उत्साह समजतो, तरीही विरोध नोंदवतो. उजव्या पायाचे गियर असलेली, सगळे मूळ सुटे भाग अंगावर असलेली बुलेट आता सहज मिळत नाही. अशी प्रत्येक गाडी कुणीतरी 'माझ्या मनासारखी' करतो आणि चार वर्षांत कंटाळून अर्धवट अवस्थेत विकतो, हे मी नाना पेठेतल्या दुकानांत इतक्या वेळा पाहिले आहे की आता मोजणे सोडून दिले आहे. कॅफे रेसरच हवी असेल तर अपघातात पुढचा भाग गेलेली किंवा आधीच कुणीतरी बिघडवलेली गाडी घ्या. टूल बॉक्स, मडगार्ड आणि पुढचे कॅस्केट, म्हणजे हेडलाइटचे घर, शाबूत असलेल्या गाडीला हात लावू नका.

भोसरीचा_लेथ

मी तीस वर्षे लेथवर काढली आहेत आणि त्यातली निम्मी बुलेटच्या क्रँक व सिलिंडरवर गेली आहेत, म्हणून दिसण्याआधी असण्याबद्दल दोन गोष्टी सांगतो. हे ३४६ सीसीचे इंजिन आहे. बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे पिस्टनचा प्रवास त्याच्या रुंदीपेक्षा बराच जास्त. कागदावरची ताकद १८ अश्वशक्ती. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर बेअरिंग नाही, तरंगता बुश आहे. तो बुश तेलाच्या थरावर जगतो आणि सतत चढ्या फेऱ्यांवर ठेवला तर आवाज करायला लागतो. म्हणून हँडल खाली घेतले की गाडी शर्यतीची झाली, हा समज आधी काढून टाका. ती ताशी ७५ ते ८० किलोमीटरवर दिवसभर खूश असते. तिच्याकडून त्याहून जास्त मागाल तर बिल माझ्यासारख्याकडे भरावे लागेल.

इंजिन उघडणार असाल तर टायमिंग कव्हरच्या आत, क्रँकच्या टोकाला तेल पोचवणाऱ्या जागी एक लहानसे बुचाचे सील असते ते न विसरता बदला. किंमत किरकोळ असते, पण ते सुकलेले असेल तर तेल क्रँकमध्ये जाण्याऐवजी बाजूने निसटते आणि नवा बुश काही महिन्यांत संपतो. गाडी सुरू केल्यावर रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बँजो बोल्ट थोडा सैल करून तेल वर येते आहे का, ते डोळ्याने पाहा. टॅपेट सेट करताना इंजिन पूर्ण थंड असावे, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असावा आणि पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरावा पण वर-खाली खेळू नये. या तीन गोष्टी झाल्या की मग सीटच्या कुबडाबद्दल बोलू.

करवीर_ठोका

काका, तुमची नोंद छापून गॅरेजच्या भिंतीवर लावली आहे. मूळरूप_जपा यांना एवढेच सांगतो की तुमच्या आक्षेपामुळेच दुसरी अट घातली आहे. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवत आहे.

लेस्टरकर

मी मूळचा साताऱ्याचा, आता बरीच वर्षे इंग्लंडमध्ये आहे. दोन-तीनदा लंडनच्या एस कॅफेला जाऊन आलो आहे, म्हणून हा प्रकार कुठून आला ते थोडे लिहितो. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर १९३८ मध्ये हे ट्रकवाल्यांचे उपाहारगृह सुरू झाले, युद्धात बॉम्बने पडले आणि १९४९ मध्ये पुन्हा बांधले गेले. पन्नाशीच्या दशकात पगार हाती येऊ लागलेली कामगार वर्गातली तरुण पोरे रात्री तिथे जमू लागली. त्यांचे ध्येय ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर वेग गाठणे हे होते. त्यासाठी हँडल थेट पुढचे चाक धरणाऱ्या काट्याच्या नळ्यांना आवळायचे, पायरेस्ट मागे न्यायचे आणि अंग टाकीवर झोपवायचे, हे त्यांनी शर्यतीच्या गाड्यांवरून उचलले. नॉर्टनच्या फेदरबेड चेसिसमध्ये ट्रायम्फचे इंजिन बसवून केलेली ट्रायटन ही त्यातली सर्वांत मानाची जोडणी. 'कॅफे रेसर' हा शब्द आधी टोमणा होता: हे शर्यतवाले नव्हेत, कॅफेपर्यंतचेच. कॅफे १९६९ मध्ये बंद पडले, मध्यंतरी त्या जागेत टायरचे दुकान होते आणि २००१ मध्ये ते पुन्हा उघडले.

तुमच्या गाडीशी याचा धागा फार लांबचा नाही. रॉयल एनफिल्डने इंग्लंडमध्ये १९६४ मध्ये कॉन्टिनेंटल जीटी नावाची २५० सीसीची गाडी काढली. खाली उतरलेले हँडल, मागे नेलेले पायरेस्ट आणि फायबरची लांब टाकी, हे सगळे तिला कारखान्यातूनच मिळत असे. तोवर तुमच्या बुलेटची आजी मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला स्थायिक झाली होती आणि लष्कराच्या कामाला लागली होती. म्हणजे एकाच घरातल्या दोघी, एक कॅफेत गेली आणि एक सीमेवर.

मला एक गोष्ट मात्र खटकते. त्या पोरांनी प्रत्येक भाग वेगासाठी काढला किंवा हलवला. आज आपण तो दिसण्यासाठी हलवतो. १८ अश्वशक्तीच्या गाडीवर झोपून बसण्यात वेगाचा हिशेब नाही, हे आधी कबूल करायला हवे.

करवीर_ठोका

कबूल आहे, आणि तरीही करतो आहे. फक्त दिसण्यासाठी नाही. फडातून येणाऱ्या माणसासाठी बांधलेली बैठक उंच हँडलाची आणि पुढच्या पायरेस्टची असते, आणि घाटातल्या वळणावर त्या बैठकीत मी गाडीवर ठेवलेल्या पोत्यासारखा बसतो. मला गाडी कमरेने वळवायची आहे.

इंजिनाचे काम झाले. सिलिंडर वीस थाउ (इंचाचे वीस हजारांश) मोठा करून नवा पिस्टन घातला, बुचाचे सील बदलले (जुने बोटाने दाबताच भुगा झाले), ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटचे अंतर ०.३५ मिलिमीटरला आणले, झडपा घासून बसवल्या. पहिल्या ५०० किलोमीटरपर्यंत गाडी मूळ रूपातच चालवली. सगळे बदल एकाच वेळी केले की आवाज आला तर तो कुठून आला हे कळत नाही, म्हणून इंजिनावर विश्वास बसल्याशिवाय बाकी कशाला हात लावला नाही.

पुढचा ब्रेकही याच काळात बदलला. मूळचे ६ इंची, एकच शू पुढाकार घेणारे ड्रम काढून ५०० सीसी बुलेटचे ७ इंची, दोन्ही शू पुढाकार घेणारे ड्रम घेतले आणि १९ इंची रिममध्ये नव्या आऱ्यांनी चाक बांधून घेतले. त्यातली जोडदांडी नीट लावायला एक पूर्ण दुपार गेली. दोन्ही कॅम एकाच क्षणी ताणले गेले नाहीत तर दोन शूंपैकी एकच काम करतो आणि आपण ब्रेकला दोष देत बसतो. या धाग्यातला दुसरा कुठलाही बदल केला नाही तरी चालेल, पण हा करावा.

कलम_५२

कायद्याचा भाग कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. माझे टोपणनाव विनोदाने घेतलेले नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इंजिन आणि चेसिस हे तर गाडीचे नाव-गाव आहे. त्यांच्या क्रमांकांना धक्का लागता कामा नये आणि चेसिस कापणे म्हणजे गाडीची रचनाच बदलणे.

आसनांचे काय, हा प्रश्न कॅफे रेसरमध्ये हमखास येतो. प्रमाणपत्रात दोन आसने लिहिलेली असताना एकाच माणसाची सीट बसवणे हा वादाला निमंत्रण देणारा बदल आहे. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ मागच्या माणसासाठी हाताची पकड, पायरेस्ट आणि त्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण मागतो. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते याच नियमाचे अपत्य आहे. सायलेन्सरबद्दल वेगळे सांगायची गरज नसावी. फटाके फोडणारे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो राज्यातल्या कितीतरी शहरांतून आपण पाहिले आहेत. रंग बदलायचा असेल तर तोही आरटीओकडे नोंदवावा लागतो.

एक बाब मूळरूप_जपा यांच्यासाठी. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार व्हिंटेज वाहन म्हणून नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली आणि गाडी मूळ रूपात राखलेली असावी लागते. या बुलेटला तो मान २०४४ मध्ये मिळू शकेल.

मूळरूप_जपा

मी वाट पाहायला तयार आहे. गाडीने वाट पाहावी एवढेच म्हणणे आहे.

करवीर_ठोका

कलम_५२ यांच्या नोंदीनंतर आराखडा बदलला. सायलेन्सर मूळचाच राहील. रंग काळाच राहील, कारण प्रमाणपत्रात काळा आहे आणि मलाही काळाच आवडतो. सीट दोन माणसांचीच, पण सपाट केली, आणि तिच्या मागच्या निम्म्या भागावर पत्र्याचे कुबड टोपीसारखे बसते. खालून दोन फुलपाखरी नट काढले की कुबड हातात येते आणि मागचा माणूस बसू शकतो. हाताला धरायचा पट्टा सीटवरच शिवून घेतला आहे. बुलेटला शॉकअपच्या वरच्या टोकामागे मडगार्ड वाहणारा जो भाग असतो तो बोल्टचाच असल्याने तो काढून आखूड जोड बसवता आला आणि चेसिसला हात लावावा लागला नाही.

आता ज्या चुकीसाठी मी ही नोंद लिहितो आहे ती सांगतो.

मागे नेलेले पायरेस्ट तयार मिळतात, पण ते बहुतेक डाव्या पायाच्या गियरवाल्या गाड्यांसाठी असतात. माझ्या गाडीला गियर उजवीकडे, ब्रेक डावीकडे आणि चेनही डावीकडे. म्हणून शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून ८ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून घेतल्या, पायरेस्टचे खुंटे लेथवर काढून घेतले आणि सगळे बसवून डावा पाय ब्रेकवर दाबला. चाक थांबले नाही. पुन्हा दाबला, तर ब्रेकची सळई धनुष्यासारखी वाकली.

कारण समजायला रात्र गेली. पेडलचे टोक पुढे आणि खुंटा मागे असताना टोक खाली दाबले की खुंट्याच्या वर असलेला आर्म पुढे सरकतो आणि खाली असलेला मागे. ड्रमवरची सळई ओढली गेली पाहिजे, म्हणजे आर्म खुंट्याच्या वर हवा. आम्ही तो दिसायला बरा म्हणून खाली लपवला होता, त्यामुळे प्रत्येक दाबाला सळई ढकलली जात होती. घरासमोरच्या अंगणात कळले म्हणून हसता येते. आर्म उलटा करून वर घेतला, खुंट्यापासून पेडलच्या टोकापर्यंत १०० मिलिमीटर आणि आर्मची लांबी २५ मिलिमीटर ठेवली, म्हणजे पायाचा जोर सळईवर चौपट जातो.

गियरच्या बाजूलाही हेच भूमितीचे कोडे आहे. या गियरबॉक्सला पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. पेडलचा आर्म आणि गियर शाफ्टवरचा आर्म दोन्ही खाली लोंबत असतील तर क्रम तसाच राहतो. एक वर आणि एक खाली केला तर क्रम उलटतो. मी क्रम तसाच ठेवला, कारण तीस वर्षे सवय झालेला शेजारी कधीतरी गाडी मागतोच.

उरली किक. तीही उजवीकडेच आहे आणि खाली येताना तिची वाट नेमकी नव्या पायरेस्टवरून जाते. पहिल्या किकला नडगी सोलली. आता उजवा पायरेस्ट बिजागरीचा केला आहे: आधी तो दुमडायचा, किक मारायची, मग उघडायचा. न्यूट्रल फाइंडर मात्र गमावले. त्याच्यापर्यंत टाच पोचत नाही. सिग्नलला टाचेने एक टोला मारून न्यूट्रल मिळवण्याची जी सवय बुलेटवाल्याला असते ती सुटायला मला अजून महिना लागेल.

ठाणे_जीटी

मी कॉन्टिनेंटल जीटी ६५० चालवते आणि रोज घोडबंदर रस्त्यावर तिच्याशी भांडते, म्हणून हँडलाबद्दल आधीच सावध करते. खाली वाकून बसले की अंगाचा भार मनगटांवर येतो. ताशी ८० च्या पुढे वारा छातीला आधार देतो आणि मनगटे मोकळी होतात. गर्दीत वारा नसतो आणि सगळे ओझे तळव्यांवर राहते. तुमची गाडी ८० लाच दमते असे भोसरीकाका म्हणतात, म्हणजे वाऱ्याचा आधार तुम्हाला जवळजवळ कधीच मिळणार नाही.

क्लिप-ऑन, म्हणजे काट्याच्या नळ्यांना आवळायची आखूड हँडले, विकत घेण्याआधी एक प्रयोग करा. गाडी मधल्या स्टँडवर लावा, पायांखाली योग्य उंचीवर लाकडी ठोकळे ठेवा, प्लंबरकडून पीव्हीसी नळीचा तुकडा आणून हँडलाच्या नियोजित जागी सुतळीने बांधा, हेल्मेट घाला आणि वीस मिनिटे तसेच बसा. मान कुठे दुखते आणि गुडघा टाकीच्या खाचेत बसतो की तिच्या कडेला टेकतो, हे तेवढ्यात कळते. माझ्या मते कॅफे रेसर म्हणजे सीट, पायरेस्ट आणि हँडल यांचा त्रिकोण आहे. त्यातला एक कोन हलवला की उरलेले दोन पुन्हा मोजावे लागतात, आणि बहुतेक लोक फक्त हँडल हलवून थांबतात.

करवीर_ठोका

ताई, तुमची नोंद आली तेव्हा क्लिप-ऑन येऊन बसलेही होते. त्याची हकीकत अशी.

बुलेटचे कॅस्केट म्हणजे हेडलाइटचे नुसते घर नव्हे. काट्याच्या नळ्या वरून त्याच्यातच आटे पाडून बसतात, म्हणजे ते काढायचे तर त्याच्या जागी वेगळा वरचा यॉक, म्हणजे दोन्ही नळ्या वरून धरणारा जोड, बनवावा लागतो. तोही बनवून घेतला, नळ्यांना क्लिप-ऑन आवळले, गोल हेडलाइट टांगला आणि फोटो काढला. फोटोत गाडी अशी दिसत होती की मी तो तीन दिवस उगीचच उघडून पाहत होतो.

मग चालवायला घेतली. हँडल पूर्ण वळवले की दोन्ही अंगठे टाकीत चेंगरत. ते टाळायला वळण मर्यादित करणारे स्टॉपर वाढवले, तर गल्लीत एका दमात वळणारी गाडी तीनदा मागेपुढे करावी लागू लागली. आणि खरा घोटाळा सकाळी झाला. बुलेटवाला किक कशी मारतो? सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या डिकॉम्प्रेसरचा लिव्हर धरून, विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अँमीटरची सुई मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबत जायचे, मग किक वर आणून एकच पूर्ण टोला. अँमीटर तर कॅस्केटबरोबर माळ्यावर गेला होता आणि डिकॉम्प्रेसरच्या लिव्हरला आखूड क्लिप-ऑनवर जागाच उरली नव्हती. अंदाजाने मारलेल्या तिसऱ्या किकला गाडीने उलटा झटका दिला आणि मी चार दिवस लंगडत ऑफिसला गेलो.

पीव्हीसी नळीचा प्रयोग त्या चार दिवसांत केला. त्याचा निकाल असा की माझ्या उंचीला हँडल मूळ जागेपेक्षा साधारण ९० मिलिमीटर खाली पुरेसे आहे. क्लिप-ऑन त्याहून ७० मिलिमीटर आणखी खाली होते. ९० मिलिमीटरचे अंतर कॅस्केटवरच्या मूळ पकडीतच बसणाऱ्या, जवळपास सरळ, ठेंगण्या हँडलाने भागते. म्हणून कॅस्केट परत आले, अँमीटर परत आला, कपाळावरचे दोन छोटे दिवे परत आले. यॉक आणि क्लिप-ऑनचे ७,८०० रुपये गेले. गाडी आता फोटोत कमी आणि रस्त्यावर जास्त चांगली आहे.

घाटवळण

दोन प्रश्न आहेत. टूल बॉक्स काढले तर बॅटरी आणि एअर फिल्टर कुठे ठेवले? आणि वजन नक्की किती कमी झाले?

करवीर_ठोका

फिल्टरचा बॉक्स ठेवला आहे. सुरुवातीला शंकूसारखा उघडा फिल्टर लावला होता, तेव्हा मिश्रण पातळ पडून प्लगचे टोक पांढरट येऊ लागले. कार्ब्युरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा करून रंग विटकरी आणला. मग जूनचा पहिला पाऊस झाला आणि पन्हाळ्याच्या रस्त्यावर मागच्या चाकाने उडवलेला लाल चिखल आखूड मडगार्डखालून थेट फिल्टरवर आणि माझ्या पाठीवर बसला. कोकणाच्या तोंडाशी राहणाऱ्याने उघडा फिल्टर लावू नये. मूळ बॉक्स परत बसवून जेटही परत बदलला. मागचे मडगार्डही हातभर लांब केले, आणि ते करताना साडी गार्डला बारीक जाळी लावून काळा रंग दिला. लांबून ते चेनच्या आवरणाचाच भाग वाटते. बॅटरी सीटच्या मागच्या निम्म्या भागाखाली नेली आहे. ती लहान घेण्याचा मोह टाळा. इग्निशन कॉइल-पॉइंटचे असल्याने बॅटरी बसली की ठिणगीही बसते, मग कितीही किका मारा.

वजन मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीच्या काट्यावर केले. पुढचा लेग गार्ड, मूळ सीट, मडगार्ड आणि त्याचे जोड, एक टूल बॉक्स व मागचा कॅरियर मिळून १७ किलो निघाले. नवे बसवले ते सव्वासात किलो. मूळ गाडी १६० किलोच्या पुढची, म्हणजे फरक सहा टक्क्यांच्या आसपास. अडतवाल्याने विचारले की यातले विकायचे काय आहे.

भोसरीचा_लेथ

तेवढे वजन जेवण कमी करूनही उतरते. पण तुमचा ब्रेकचा आर्म चुकला त्याबद्दल एक सांगायचे राहिले. ८ मिलिमीटरची पट्टी ठीक आहे, परंतु ॲल्युमिनियममध्ये थेट आटे पाडून पायरेस्टचा खुंटा बसवला असेल तर कंपनाने ते आटे सहा महिन्यांत चघळले जातील. खुंटा आरपार घ्या, मागून नट लावा आणि त्याला स्प्लिट पिन द्या. हे इंजिन एकाच सिलिंडरचे, एका फटक्याचे आहे. ते सगळे नट मोजत असते.

करवीर_ठोका

काका, बरोबर ओळखलेत. डावा खुंटा सैल झालाच होता. दोन्ही आरपार करून घेतले.

आंबा घाट झाला. जाऊन-येऊन साधारण दीडशे किलोमीटर, मलकापूरला एक चहा. बहुतेक वेळ गाडी ६५ ते ७० वर होती. घाटातल्या उतारावर वळणात शिरताना गुडघा टाकीच्या खाचेत रुतला, पाय मागे असल्यामुळे कमरेपासून झुकता आले आणि बाहेर पडताना तिसऱ्या गियरमध्ये ठोका जसा जड होत जातो तसा झाला. ज्यासाठी हे केले ते तेवढेच होते आणि ते मिळाले. परतीला पोटऱ्या भरून आल्या, कारण पायरेस्ट माझ्या गणितापेक्षा दोनेक बोटे जास्त वर आहेत. पट्टीत खालची दुसरी भोके आधीच पाडून ठेवली होती, पुढच्या रविवारी तिथे उतरवीन. एकूण खर्च ७१,४०० रुपये झाला. मर्यादा ओलांडली ती यॉक आणि क्लिप-ऑनच्या रकमेमुळेच, नाहीतर आतच राहिलो असतो.

मूळरूप_जपा

ब्रेक आणि बैठक यांबद्दलचे तुमचे लिखाण मन लावून वाचले. माझे मत बदललेले नाही. मात्र तुमच्या माळ्यावर १९९४ चा न ठोकलेला टूल बॉक्स आणि मूळ मागचे मडगार्ड पडून आहे असे दिसते. माझ्या ९१ च्या गाडीचे मडगार्ड गंजून चाळणी झाले आहे. विकणार असाल तर किंमत सांगा.

करवीर_ठोका

विकणार नाही, क्षमस्व. २०२९ मध्ये पुन्हा नूतनीकरण आहे आणि तेव्हा ते सगळे अंगावर चढवूनच आरटीओच्या दारात जाईन. मोजून ठेवले आहे: दोन माणसे आणि एक संपूर्ण दिवस लागतो. मडगार्डवरून पत्रा ठोकून प्रत काढून देणारा एक कारागीर मात्र ओळखीचा आहे. मापासाठी माझे मडगार्ड आठवडाभर नेऊ शकता. चिठ्ठी काढू नका, तिच्यावर बोल्टांची मापे लिहिली आहेत.